न प्यायलेल्या कॉफीची किटली

मित्रांनो, माझ्याकडे बघून नाक मुरडू नका. पोट सुटलेलं, मान बारीक, चोच लांब पुढे आलेली आणि डोक्यावरच्या झाकणाला शेंडी, असा माझा अवतार आहे. मी कॉफीची एक जुनी पितळी किटली आहे. बेथलेहेमच्या पूर्वेला टेकडीच्या उतारावर दैर तीना नावाचं गाव आहे. तिथल्या एका दगडी घरात माझा मुक्काम. वय मला विचारू नका, मी सांगणार नाही.

माझा जन्म दमास्कसच्या तांबटआळीतला. ज्या कारागिराने मला घडवलं त्याच्या तोंडात सदा शिव्या, पण हाताला यश मोठं. माझी चोच त्याने जोडली, मोडली, पुन्हा जोडली. शेजारच्या दुकानदाराने विचारलं, "अहो, एवढं कोण बघतंय?" तर म्हणाला, "पाहुण्याचा सदरा बघतो. थेंब गळला की डाग पडतो." आजही ओतून हात उचलला की माझ्या चोचीवरून थेंब ओघळत नाही. त्या शिवराळ म्हाताऱ्याचं नाव मला ठाऊक नाही, पण त्याचे उपकार मी विसरलेली नाही. शेवटी त्याने माझ्या पोटात कल्हई केली. कल्हई उडाली की पितळेत ठेवलेलं कसं कळकतं, हे तुम्हा मराठी मुलांना मी काय सांगावं? घरातल्या थोरांना विचारा, ते तोंड वाकडं करून सांगतील.

मला विकत घेतलं ते नख्लेच्या आजोबांनी. नख्ले म्हणजे माझा आत्ताचा मालक. आजोबा दमास्कसला खेचर घ्यायला गेले आणि मला घेऊन परतले. आजीने दारातच विचारलं, "खेचर कुठाय?" आजोबा म्हणाले, "ते काय, आज ना उद्या मेलंच असतं." आजी म्हणाली, "मग आता नांगराला हिला जुंपा." पण पहिली कॉफी झाली, वेलदोड्याचा वास अंगणात पसरला, शेजारीपाजारी डोकावू लागले आणि आजीचा राग निवळला. त्या दिवसापासून मी या घरची झाले.

आमच्याकडची पाहुणचाराची कॉफी कडू असते. साखर नाही, दूध नाही, नुसता वेलदोडा. पेले बिनकानाचे आणि इवलेसे, त्यात ओतायचीही तळाशी घोटभरच. यजमान उभा राहून ओतत जातो. पाहुण्याने तोंडाने पुरे म्हणायचं नसतं, रिकामा पेला मनगटातून हलवायचा असतो. पेला हलला नाही तर यजमानाने ओतत राहायचं. त्याने आपणहून थांबणं म्हणजे पाहुण्याला "आता निघा" म्हणणं.

दुसरी रीत याहून मोठी. कुणाला क्षमा मागायची असेल, वैर मिटवायचं असेल, तर गावातली वडीलधारी माणसं त्या घरी रदबदली करायला जातात. यजमान कॉफी देतो. ते ती पीत नाहीत, पेला समोर ठेवून देतात. पाहुण्याची कॉफी आपल्या घरात न पिता गार झाली, ही घराण्याची नाचक्की. म्हणून यजमानाला उत्तर द्यावंच लागतं. तो जेव्हा "कॉफी प्या" म्हणतो, तेव्हा त्याचा अर्थ, तुमचं मागणं मान्य. मी या घरात जमिनीचे तंटे मिटताना पाहिले, रुसलेल्या सुना परत जाताना पाहिल्या. शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरखाली आजोबांचा पाय गेला, तेव्हा तोच शेजारी चर्चच्या पाद्रीबाबांना पुढे घालून आला. आजोबा त्याच्या पेल्याकडे बघत राहिले आणि मग म्हणाले, "पी बाबा. पाय गेला तो गेला, वर कॉफी कशाला वाया घालवतोस?" मला घासूनपुसून त्या दिवशी अंगणात ठेवलं होतं, आणि लोक माझं कौतुक करत होते.

नख्ले मोठा झाला आणि गवंडी झाला, दगडकामाचा. पलीकडे जेरुसलेममध्ये इस्रायली लोकांच्या इमारतींना दगड लावता लावता त्यांची भाषाही शिकला. त्याचं हिलानेशी लग्न झालं आणि समआन हा एकुलता मुलगा झाला. आमच्याकडे मूल झालं की आईबापांचं नावच बदलतं. नख्ले झाला अबू समआन, म्हणजे समआनचा बाप, आणि हिलाने झाली उम्म समआन, समआनची आई. मग गावात त्यांना जुन्या नावाने कुणी हाक मारली नाही. समआन विजेची कामं करायला शिकला. पंचक्रोशीतले पंखे, मोटारी, दिवे त्याच्याच हातचे.

एका संध्याकाळी कामावरून परतताना रस्त्यावरच्या इस्रायली लष्कराच्या नाक्यावर त्याला गोळी लागली आणि तो गेला. गोळी का सुटली याची चौकशी झाली म्हणतात. घरी कुणी सांगायला आलं नाही. सुतकाचे दिवस माझ्यातून कॉफी ओतली गेली, सगळा गाव पिऊन गेला. शेवटचा पाहुणा गेल्यावर नख्लेने मला धुतलंसुद्धा नाही. कपाटाच्या माथ्यावर मला पालथं ठेवलं आणि दाराला कडी घातली. ओली, मळकी मी तशीच पडून राहिले. पोटातली कल्हई सुटत गेली, आत हिरवा गंज धरला. ज्या घरात कॉफी होत नाही त्या घरी कोण जाणार? आधी शेजारी कमी झाले, मग सोयरे, मग रविवारी चर्चला जाणंही बंद झालं. हिलाने रोज फडक्याने कपाट पुसायची आणि माझ्या पाठीवरून हात फिरवून पुढे जायची. तेवढाच मला आधार होता.

अशात गाझात युद्ध पेटलं. आमच्या डोक्यावरून विमानं जायची आणि खिडक्या हादरायच्या. जेरुसलेममधले निरनिराळ्या चर्चचे बिशप पत्रकं काढत होते, शस्त्रं खाली ठेवा, ओलिसांना सोडा, उपाशी लोकांना भाकरी जाऊ द्या. ऐकत कुणीच नव्हतं. मग त्यांनी ठरवलं, एक सभा घ्यायची. त्या सभेत हे मागणं बिशपांनी नाही मागायचं. ज्यांची मुलं गेली अशी एक इस्रायली आई आणि एक पॅलेस्टिनी बाप शेजारी शेजारी उभे राहून मागतील. आई मिळाली, तिर्त्सा तिचं नाव. बाप शोधायचं काम आमच्या गावातल्या तिघा पाद्र्यांवर आलं.

आमच्या एवढ्याशा गावात तीन चर्च आहेत आणि तिघांचे तीन पाद्री. आमच्याकडे पाद्रीबाबांना 'अबूना', म्हणजे आमचे बाबा, असं म्हणतात. ऑर्थोडॉक्स चर्चचे अबूना मीत्री दाढीवाले, जाडजूड आणि संसारी. लॅटिन चर्चचे अबूना रफाईल काटकुळे, सदा घाईत, जुनी गाडी भरधाव हाकणारे. ल्युथरन चर्चचे कसीस, म्हणजे त्यांच्यातले पाद्री, लबीब चष्मेवाले आणि अतिशय नीटनेटके. त्यांच्या पंचांगांतही मेळ नाही. एकाचा नाताळ होऊन गेला तरी दुसऱ्याचा यायचा असतो, आणि ईस्टरला कुणाची मिरवणूक आधी यावरून दरवर्षी जुंपते. असे तिघे जगाला शांती शिकवायला निघाले म्हटल्यावर गावाने हसून घेतलं. पण काय सांगू, त्या कामात मात्र त्यांनी एकमेकांची साथ सोडली नाही.

ते तिघे घरी आले. नख्लेने त्यांना बसवलं, ऑलिव्हचं पीक विचारलं, थंडी विचारली, गाडीच्या टायरची चौकशी केली. कॉफीचं नाव काढलं नाही. तुम्हाला त्याची हुशारी कळली ना? कॉफी दिली तर ते पेला समोर ठेवून मागणं मांडणार. कॉफीच नसेल तर मागणार कशावर? तिघे हात हलवत परत गेले.

पुढच्या खेपेला मीत्रीबाबा कॉफीची पुडीच घेऊन आले. "उम्म समआन, ताजी भाजून आणलीय. जरा उकळा बघू."

नख्ले म्हणाला, "अबूना, किटली फुटलीय."

मी कपाटावरून हे ऐकलं. आयुष्यात माझा एवढा अपमान कुणी केला नव्हता. धडधाकट पितळेची मी, आणि म्हणे फुटलीय. पण मला नुसती चोच आहे, तोंड नाही. हिलानेने एकदा वर माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली.

तिसऱ्यांदा आले तेव्हा मात्र ती उठली. बाहेर नख्ले पावसापाण्याच्या गप्पा मारत होता. हिलानेने स्टूल ओढलं, मला खाली काढलं, राखेने घासलं आणि चुलीवर चढवलं. कल्हई उडाली आहे हे तिला दिसत होतं. "कळकली तर कळकू दे," ती माझ्याशीच पुटपुटली. मग पेले भरून तिने स्वतःच बाहेर नेले आणि तिघा बाबांच्या पुढे ठेवले. आमच्याकडे घरधन्याला न विचारता असं कुणी करत नाही.

नख्ले ताडकन उठला. "हे काय केलंस?"

"पाहुणे आहेत. कॉफी दिली."

"मी सांगितलं होतं तुला?"

"नाही सांगितलंत. अहो, या घरात माझ्या लेकाचं नाव घ्यायलासुद्धा कुणी येत नाही. तुम्ही दार लावलंत, मी बोलले नाही. आता मला कुणाशी तरी बोलायचंय. हे तिघे भांडखोर आहेत, पण माणसं आहेत."

"ऐका, आपली स्तुती चाललीय," मीत्रीबाबा इतर दोघांना म्हणाले. कुणी हसलं नाही. तिघांनी आपापले पेले तसेच ठेवले आणि रफाईलबाबांनी मागणं मांडलं.

नख्ले कडवट हसला. "पत्रकं काढता ना तुम्ही? माझा समआन गेला तेव्हाही काढलं होतंत. आमच्या शेळीने खाल्लं."

"म्हणून तर आलो," लबीबबाबा म्हणाले. "कागद पुष्कळ झाले. ते बाजूला टाकता येतात. तुला बाजूला टाकणं त्यांना जड जाईल."

"आणि त्या बाईच्या शेजारी उभा राहिलो तर माझ्या पोराला काय सांगू? तिच्या लोकांनी मारलंय त्याला."

"तिची मुलगी बसथांब्यावर उभी होती. तिला आपल्यातल्या एकाने मारलं," रफाईलबाबा म्हणाले. "तिलाही मुलीला काहीतरी सांगावंच लागणार आहे."

"मी काय सांगू ते बोला."

मीत्रीबाबांनी दाढी चोळली. "खरं सांगू? मला माहीत नाही. माहीत असतं तर कधीच प्रवचनात सांगून टाकलं असतं. पण मी इथून उठणार नाही, अबू समआन. घरी बायको जेवणासाठी खोळंबलीय. तिच्या शिव्या मी तुझ्याकडे धाडीन."

पेल्यांवरची वाफ गेली. नख्ले त्या पेल्यांकडे बघत होता. त्याच्या आजोबांनी, बापाने या घरात कुणाचा पेला गार होऊ दिला नव्हता, हे तो जाणून होता. मीही जाणून होते.

"एक अट आहे," तो शेवटी म्हणाला. "आधी ती इथे येईल. माझ्या पोराच्या फोटोखाली बसेल. मग सभेला यायचं की नाही ते मी ठरवीन. प्या आता कॉफी."

तिघांनी पेले तोंडाला लावले. मित्रांनो, त्या वेळची त्यांची तोंडं मी जन्मात विसरणार नाही. गार, कडू आणि वर कळकलेली. पण न पिऊन कसं चालेल? लबीबबाबांनी डोळे मिटून गिळली. मीत्रीबाबा म्हणाले, "प्रभूलाही क्रुसावर आंबट शिरकाच दिला होता," आणि पेला पालथा करून दाखवला. जाताना ते मलाही बगलेत मारून घेऊन गेले. बेथलेहेममध्ये एक म्हातारा कल्हईवाला अजून भट्टी पेटवतो. त्याने मला तापवलं, कथील फिरवलं, कापसाने पुसलं. मी आतून पुन्हा चांदीसारखी झाले. त्या भट्टीच्या चटक्याचे मी किती आभार मानू?

बातमी गावात पसरायला वेळ लागला नाही. कुणीतरी आमच्या कुंपणावर 'विकला गेला' असं काळ्या रंगाने लिहिलं. नख्लेच्या चुलतभावाने रस्त्यातून जाताना तोंड फिरवलं. पलीकडे तिर्त्साचंही काही निराळं नव्हतं. तिच्या सख्ख्या भावाने तिचा फोन घेणं सोडलं, हे पुढे तिनेच सांगितलं. अशा वेळी माघार घेतली असती तर त्या दोघांना कुणीच नावं ठेवली नसती.

ती आली दुपारी, रफाईलबाबांच्या गाडीतून, त्यांच्या वेगामुळे पांढरीफटक पडलेली. बुटकी, पांढऱ्या केसांची बाई, खांद्याला भली मोठी पिशवी. औषधांच्या दुकानात काम करून निवृत्त झालेली. वाटेत तिघा बाबांनी तिला आमच्या रीती समजावल्या होत्या आणि तिघांनी तीन तऱ्हा सांगितल्या होत्या. एक म्हणाले, दिली की लगेच प्या. दुसरे म्हणाले, अजिबात नाही म्हणायचं नाही. तिसरे म्हणाले, मागायचं असेल तर पिऊ नका. पेला हलवायचा असतो, हे सांगायचं तिघेही विसरले. जन्मापासून पेला हलवत आलेल्या माणसांना ही गोष्ट शिकवावी लागते, हे सुचणार तरी कसं?

ती फोटोखाली बसली. नख्ले मला हातात घेऊन तिच्यासमोर उभा राहिला आणि त्याने ओतली. ती प्यायली. पेला हलला नाही, म्हणून त्याने पुन्हा ओतली. ती पुन्हा प्यायली. नकार द्यायचा नाही असं तिला बजावलेलं, आणि थांबायचं नाही असं याच्या रक्तात. कडू जहर कॉफी. बाईच्या कपाळावर घाम आला, तरी ती पेला पुढे करत राहिली. नख्लेचा हातही भरून आला होता. दोघंही हट्टी. मी रिकामी होत चालले होते आणि मला हसावं की रडावं कळत नव्हतं.

नुसतं ओतत राहणं बरं दिसेना, म्हणून नख्लेने तिच्या भाषेत विचारलं, "कुठे राहता?"

तिने रस्त्याचं नाव सांगितलं.

"उतारावरची इमारत? कोपऱ्यात लिंबाचं झाड आहे ती? तिला दगड मी लावलाय."

"खरंच?" ती म्हणाली. "आमच्या न्हाणीघराची भिंत ओल धरते."

"ती नळवाल्याची चूक. माझा दगड गळत नाही," नख्ले म्हणाला आणि पुन्हा ओतली.

हिलानेला राहवेना. ती आपल्या बोलीत म्हणाली, "अगं बाई, पेला हलव ना. नाहीतर हा माणूस तुला मारेल कॉफी पाजून पाजून."

लबीबबाबांनी ते तिर्त्साला सांगायला सुरुवात केली आणि 'मारेल' या शब्दापाशी अडखळले. त्या खोलीत तो शब्द कुणी वापरत नसे. तिर्त्साने एकदा फोटोकडे बघितलं, एकदा पेल्याकडे, आणि तिला हसू फुटलं. ती हसत होती आणि डोळे पुसत होती. हिलानेने तिच्या शेजारी बसून तिच्या मनगटाला धरून पेला कसा हलवायचा ते दाखवलं. नख्लेने मला खाली ठेवलं. त्यालाही खुदकन हसू आलं होतं, पण त्याने ते मिशीत लपवलं.

मग त्याने समआनबद्दल सांगितलं. विजेचा धक्का बसला की तो कसा आधी शिवी द्यायचा आणि मग देवाची क्षमा मागायचा, हे सांगितलं. ती ऐकत राहिली. तिच्या मुलीबद्दल कुणी विचारलं नाही. भीतीच वाटत असावी. बाबा लोकही गालिच्याकडे बघत बसले.

तेव्हा तिर्त्साने पेला पुन्हा पुढे केला. नख्लेला नवल वाटलं, पण त्याने ओतली. तिने तो पेला तोंडाला लावला नाही. समोरच्या चौरंगावर ठेवला आणि हात मांडीवर घेतले.

तिघे बाबा एकमेकांकडे बघू लागले. तिला आता काय मागायचं होतं, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

"गाडीत हे तुम्हाला अबू समआन म्हणत होते," ती म्हणाली. "मी अर्थ विचारला. तुमचा मुलगा गेला, तरी लोक दिवसभर त्याच्या नावाने तुम्हाला हाक मारतात. माझ्या मुलीचं नाव अयाला होतं. ती गेल्यापासून माझ्यासमोर ते नाव कुणी काढत नाही. भाऊ नाही, शेजारी नाहीत. सगळे मला जपतात. इतकं जपतात की घरात तिचं नाव मी एकटीच उच्चारते, तेही भांडी धुताना. मला तुमच्याकडून दुसरं काही नको. सभेला नाही आलात तरी चालेल. मला एकदा तिच्या नावाने हाक मारा."

लबीबबाबांनी ते आमच्या बोलीत सांगितलं, तशी हिलानेने तोंडाला रुमाल लावला. तिच्या ओठांवर ते नाव आलं होतं, मी बघत होते. पण मागणं नख्लेकडे होतं आणि उत्तरही त्यानेच द्यायला हवं होतं.

साधं नाव, पण ते उच्चारायचं म्हणजे कबूल करायचं की ती मुलगी होती, कुणाची तरी लाडकी होती, आणि तिला मारणारा आपल्यातला होता. कुंपणावरची काळी अक्षरं खिडकीतून दिसत होती. फोटोतला समआन नेहमीसारखा हसत होता. मीत्रीबाबांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर हिलानेने त्यांचा हात दाबून गप्प केलं. पेल्यावरची वाफ विरली. तिर्त्सा हलली नाही.

नख्ले तिच्यासमोर खाली गालिच्यावर बसला, यजमान कधी बसत नाही तसा, आणि त्याने पेला उचलून तिच्या हातात दिला.

"उम्म अयाला," तो म्हणाला, "कॉफी पी. गार झालीय, पण पी."

ती प्यायली. आणि हिलाने मोकळी झाली. "उम्म अयाला, जेवूनच जायचं. उम्म अयाला, भात लावलाय. उम्म अयाला, ती पिशवी ठेव ना खाली," असं ती दुपारभर म्हणत राहिली. काही कारण नसतानाही म्हणत राहिली. तिघा बाबांपैकी कुणी बोललं नाही, आणि ही गोष्ट आमच्या गावात प्रथमच घडत होती.

सभेला नख्ले गेला. बिशपांनी खटपट करून त्याला जेरुसलेमला जाण्याचा परवाना मिळवून दिला होता. त्याने मलाही बरोबर घेतलं. नाक्यावर एका पोरसवदा शिपायाने माझं झाकण उघडून वास घेतला. "साखर आहे?" त्याने विचारलं. "नाही," नख्ले म्हणाला. शिपायाने तोंड वाकडं केलं आणि जा म्हणाला. नख्ले दोन पावलं जाऊन थांबला, त्या पोराकडे वळून बघितलं. समआनच्याच वयाचा होता. मग तो चालू लागला.

चर्चच्या आवारात काळे, पांढरे, जांभळे झगे घातलेले बिशप बसले होते, पुढे माणसांची गर्दी, मागे निषेध करणारे काही जण ओरडत होते. नख्लेला भाषण येत नाही. तो म्हणाला, "मी अबू समआन. ही उम्म अयाला. आमच्या नावांत आमची मुलं आहेत. यापुढे कुणाचं मूल नुसतं नावात उरू नये, एवढंच आमचं मागणं. आम्ही दोघं मागतोय, आणि ही सगळी अबूना मंडळी आमच्या मागे उभी आहेत." मग त्याने मला उचललं, सगळ्या बिशपांना कॉफी ओतली. त्यांच्यातल्या कुणीही पेला तोंडाला लावला नाही. सगळ्यांनी समोर ठेवून दिले. राज्य करणाऱ्यांनी, बंदुका धरणाऱ्यांनी बघावं म्हणून.

ते पेले गार झाले. "कॉफी प्या" म्हणायला कुणी आलं नाही. युद्ध त्या सभेने थांबलं नाही, हे मी तुम्हाला खोटं कशाला सांगू? पण आमचे तिघे बाबा अजून दारोदार जातात, शिव्या खातात, ईस्टरच्या मिरवणुकीवरून भांडतात आणि पुन्हा एकाच गाडीतून निघतात. उम्म अयाला महिन्यातून एकदा येते. कुंपणावरची अक्षरं नख्लेने पुसली नाहीत. त्यावर हिलानेने द्राक्षाचा वेल चढवला. चुलतभाऊ अजून बोलत नाही, पण परवा ईस्टरला शुभेच्छा द्यायला आलेल्या मुसलमान शेजाऱ्यांबरोबर तो अंगणात येऊन उभा राहिला होता. नख्लेने पेला पुढे केला आणि त्याने तो घेतला. माझ्यातून पुन्हा रोज कॉफी ओतली जाते, रोज मला घासतात, आणि मी रोज सगळ्यांची ऋणी होते. त्या तांबटाची, त्या कल्हईवाल्याची, हिलानेच्या धाडसाची, आणि एका परक्या बाईच्या हट्टाची.

मित्रांनो, तुमच्या घरात एखादं जुनं भांडं पालथं पडलं असेल तर त्याला सुलटं करा, घासा, कल्हई करून घ्या. भांडं वापरात असलं की घराला माणसं मिळतात. आणि तुमच्या ओळखीच्या एखाद्या घरातून कुणी गेलं असेल, तर त्याचं नाव टाळू नका. जपण्याच्या नावाखाली मुळीच टाळू नका. तिथे जा, बसा, आणि ते नाव मोठ्याने घ्या. आत बसलेली आई कधीपासून तेच ऐकायची वाट बघते आहे.